मिलर सेंटरचा ध्वनिसंग्रह: नेत्याचा स्वभाव कानांनी ऐकताना

राज्यशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढायचे. डावीकडे नेत्याचा स्वभाव, उजवीकडे त्याची धोरणं, आणि दोन्हींना वेगवेगळे गुण. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मिलर सेंटरचा ध्वनिसंग्रह ऐकायला लागले आणि ती रेघ ओढणं मला जमेनासं झालं.

फ्रँकलिन रूझवेल्टपासून रिचर्ड निक्सनपर्यंत सलग सहा अमेरिकी अध्यक्षांनी १९४० ते १९७३ या काळात आपली बोलणी गुपचूप रेकॉर्ड केली. सगळं मिळून सुमारे ५,००० तास. सेंटरच्या संकेतस्थळावर ते ऐकायला मिळतं, निवडक संभाषणांना लेखी मजकूर आणि टिपाही जोडलेल्या आहेत.

माझा सगळ्यात जास्त वेळ केनेडींनंतर अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सननी घेतला. २९ नोव्हेंबर १९६३ चा फोन ऐका. केनेडींच्या हत्येला आठवडा झालाय. सिनेटर रिचर्ड रसेल चौकशी आयोगावर यायला नाही म्हणताहेत, सरन्यायाधीश वॉरन यांच्यासोबत त्यांना बसायचंच नाही. जॉन्सन सांगतात, तुमचं नाव जाहीर करून झालंय. रसेल म्हणजे त्यांचे राजकारणातले गुरू! त्यांच्यावरही लाडीगोडी, दटावणी, देशसेवेची आठवण, सगळं एका दमात. ऐकताना मला रसेल यांची कीव आली.

याच जॉन्सननी वंशभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा आणला, आणि सिनेटमध्ये त्याला अडवून धरणाऱ्या दक्षिणेकडच्या सदस्यांचे पुढारी होते हेच रसेल. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी ती अडवणूक संपली, त्यासाठी रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांना सोबत घ्यावं लागलं. माणसाच्या मानगुटीवर बसण्याची ती सवय नसती, तर हे मतदान घडलं असतं असं मला वाटत नाही.

आता २७ मे १९६४ चं राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडींशी झालेलं बोलणं लावा. व्हिएतनामसाठी लढावं इतकं त्यात काही नाही, असं जॉन्सन स्वतःच म्हणतात. लगेच पुढे, पण बाहेर पडता येईल असंही वाटत नाही. त्याच दिवशी रसेलना विचारतात, पळ काढणाऱ्या अध्यक्षावर महाभियोगच चालवतील ना? १९६८ मध्ये तिथे पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. मला त्या आवाजात ओळखीचा हट्ट ऐकू आला. फक्त या वेळी समोर फोन करून वळवता येईल असा सिनेटर नव्हता.

निक्सन ऐकणं मात्र जड जातं. इंदिरा गांधींची भेट झाल्यावर, ५ नोव्हेंबर १९७१ ला, निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर इंदिराजींबद्दल आणि भारतीयांबद्दल ज्या शिव्या देतात, त्या मी इथे लिहिणार नाही. तेव्हा पूर्व बंगालमधून आलेले सुमारे एक कोटी निर्वासित भारतात होते. पाकिस्तानची पाठराखण करण्यामागे हिशेब होता हे मला मान्य आहे, चीनशी बोलणी पाकिस्तानच्या मध्यस्थीनेच सुरू झाली होती. पण डिसेंबरमध्ये अमेरिकेची एंटरप्राइज ही युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, त्यात हिशेब किती आणि राग किती, हा प्रश्न ही टेप ऐकल्यावर डोक्यातून जात नाही.

संग्रह वापरताना एक भान हवं. जॉन्सनच्या सांगण्यावरून रेकॉर्डिंग सुरू व्हायचं, म्हणजे काही फोन ते टेपसाठीही बोलले असतील. निक्सनच्या कार्यालयातलं यंत्र आवाज झाला की आपोआप चालू व्हायचं, त्यामुळे ते जास्त उघडे पडतात. शिवाय ते यंत्र फेब्रुवारी १९७१ मध्ये बसलं. पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि स्वच्छ हवा कायद्यावर सही झाली ती १९७० मध्ये, त्यामुळे तो निक्सन इथे सापडत नाही. केवळ टेप ऐकून त्यांना गुण देणं अन्यायाचं होईल.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. निक्सनच्या कित्येक टेप्समध्ये कपबश्यांचा खणखणाट आणि पुटपुटणंच जास्त आहे, अर्धा तारा त्याचा. हेडफोन लावा, लेखी मजकूर समोर ठेवा, आणि सुरुवात बंडींच्या फोनपासून करा. पहिल्यांदा शब्दांसाठी ऐका, दुसऱ्यांदा जॉन्सन जिथे बोलता बोलता थांबतात त्या जागांसाठी.