वाडाची सर्व्हिस: टेस्टिंग कडक, पैशाचं गणित कच्चं

वाडा म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, 1999 साली सुरू झाली, मुख्य ऑफिस मॉन्ट्रियलला. निव्वळ सर्व्हिस म्हणून बघितलं तर नियम जाम कडक आहेत, टॉपच्या खेळाडूला रोज एक तास आपण कुठे सापडणार ते आधीच कळवून ठेवावं लागतं आणि 12 महिन्यांत तीनदा गडबड झाली की थेट बंदीची वेळ येते. सॅम्पल ए आणि बी अशा दोन बाटल्यांत सील होतं, 10 वर्षांपर्यंत परत तपासता येतं. हे मला मनापासून आवडतं.

घोडं अडतं पैशापाशी. निम्मा निधी ऑलिम्पिकवाले देतात, निम्मा सरकारं, म्हणजे ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्याच पैशावर संस्था चालते. 2021 मध्ये 23 चिनी जलतरणपटूंच्या सॅम्पलमध्ये ट्रायमेटाझिडिन हे खेळात बंदी असलेलं हृदयाचं औषध सापडलं, चीनच्याच उत्तेजकविरोधी एजन्सीने ते हॉटेलच्या किचनमधून आलं असं सांगितलं, वाडाने अपील केलं नाही आणि जगाला हे कळलं 2024 मध्ये! नंतरच्या तपासात पक्षपात दिसला नाही असं आलं, मान्य, पण मग एवढी वर्षं गप्प का बसले?

त्यावर अमेरिकेने 2024 ची 36 लाख डॉलरच्या वरची वर्गणीच अडवली. राग समजतो, पण हे मला अजिबात पटलं नाही, उद्या ज्याला निकाल आवडणार नाही तो पैसे थांबवेल आणि तोटा होईल प्रामाणिक खेळाडूचा.

पाचपैकी तीन स्टार, तेही टेस्टिंगच्या नियमांसाठी.