कॅम्पातलं स्टडचं दुकान: फुटबॉल खेळणाऱ्या मुलींनी एकदा जाऊनच या

मी नऊ वर्षं सेंट्रल मिडफिल्डला खेळतेय आणि नऊच्या नऊ वर्षं मुलांचेच स्टड, म्हणजे तळाला दाणे असलेले फुटबॉलचे बूट, घातलेत. टाच सुटते म्हणून डबल सॉक्स घालायचे, मग पुढे चवडा आवळतो, आणि मॅच संपली की करंगळीला फोड ठरलेला. मला वाटायचं माझेच पाय तसले. तर गेल्या शनिवारी पुण्यात कॅम्पात एमजी रोडच्या मागच्या गल्लीतल्या या दुकानात गेले, आणि दुकानातल्या दादाने साइजच्या आधी विचारलं, कुठल्या पोझिशनला खेळतेस आणि कुठल्या ग्राउंडवर.

आजवर असं कुणीच विचारलं नव्हतं हो.

मी सांगितलं की आठवड्यात दोनदा वाकडला टर्फवर, म्हणजे नकली गवतावर, प्रॅक्टिस असते, मॅच मात्र खऱ्या गवतावर. त्याने माझे जुने स्टड मागितले, उलटे केले आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखालचे झिजलेले दाणे दाखवून म्हणाला, तू याच पायावर गिरकी घेतेस ना? बरोब्बर! मिडफिल्डरचं कामच ते, पाठीवर माणूस असताना बॉल घ्यायचा आणि वळायचं. आणि मी ते एफजीवर, म्हणजे खऱ्या गवतासाठीच्या लांब दाण्यांवर, टर्फवर करत होते! टर्फमध्ये तो दाणा रुततो, पाऊल तिथेच राहतं आणि गुडघा फिरतो. फुटबॉल खेळणाऱ्या बायकांमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य लिगामेंट, फाटायचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहे. त्याला कारणं बरीच आहेत, पण निदान हे एक तरी आपल्या हातात आहे की नाही? आमची लेफ्ट विंगर दीड वर्ष झालं बाहेर बसलीये, तिचा गुडघा गेला तेव्हा मी चार पावलांवर होते, तो आवाज अजून डोक्यातून जात नाही.

स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासचं पण तेच झालं होतं, २०२१चा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकलेली, जगातली सगळ्यात भारी मिडफिल्डर, आणि २०२२च्या युरो स्पर्धेच्या तोंडावर प्रॅक्टिसमध्ये गुडघा गेला. ती परत आली आणि २०२३चा वर्ल्ड कप जिंकली, पण तिच्यामागे बार्सिलोनासारखा क्लब होता, आपल्यामागे कोण आहे? आणि बुटांचं रडगाणं तिकडेही आहेच, २०२३ मध्ये युरोपातल्या क्लबांच्या संघटनेने टॉपच्या महिला खेळाडूंना विचारलं तर ८२ टक्के जणींनी बूट त्रास देतात असंच सांगितलं.

बरं, दुकान. आत टर्फचा एक तुकडा टाकलाय, दोन चटयांएवढा. त्यावर दादाने मला मागे धावायला लावलं, वळायला लावलं, बॉल टाकून फर्स्ट टच घ्यायला लावला. मी आठ हजारांची जोडी धरून बसले होते, ती त्याने हातातून काढून घेतली, म्हणाला ही टाचेला मोठी आहे, तुझे पैसे वाया जातील. शेवटी मुलींच्या मापाची एजी, म्हणजे टर्फसाठीच्या दाण्यांची, जोडी घेतली ४२०० ला. शेवटच्या भोकातून लेसचा फास घालून टाच कशी आवळायची तेही शिकवलं. तीन सेशन झालेत, एक सॉक्स, फोड नाही.

तक्रार एकच, मुलींच्या मापाचे दोनच मॉडेल ठेवतात. विचारलं तर म्हणे मागणी नाही. अहो, ५ जुलै २०२५ ला चियांग माईला आपल्या इंडियाच्या संगीता बासफोरने थायलंडला दोन गोल मारले, आपण २-१ जिंकलो आणि पहिल्यांदाच पात्रता फेरी खेळून एशियन कपला गेलो! ती पण मिडफिल्डरच. तेव्हापासून आमच्या टर्फवर शनिवारी बारा-तेरा वर्षांच्या पोरी येतात, सगळ्या भावाचे स्टड घालून, पुढे कापूस कोंबून. मागणी इथे आहे, ती दुकानापर्यंत पोचत नाहीये एवढंच. मी हे दुकानातल्या दादाला सांगितलं, त्याने वहीत साइज लिहून घेतले, ३ पासून ६ पर्यंत.

जाताना जुने स्टड आणि खेळायचेच सॉक्स घेऊन जा, दुपारी गर्दी कमी असते. पार्किंगचं नाव काढू नका, बसने जा. आणि ५ नंबरची एजी हवी असेल तर आधी विचारून जा, माझ्यानंतर एकच जोडी उरली होती.