रेडिएटर गळतोय: टँक बदलून घ्यायचा की नवीनच बसवायचा?

गळती रेडिएटरचीच आहे हे तुमचं नक्की झालंय असं धरून लिहितोय. म्हणजे होजच्या क्लिपा, वॉटर पंप, झाकणाचं रबर हे सगळं बघून झालंय, गाडीखाली दिसणारं पाणी एसीचं नाहीये हेही कळलंय, आणि वरचा काळा प्लास्टिकचा टँक आणि अॅल्युमिनियमची जाळी जिथे जोडलीय तिथे हिरवट नाहीतर गुलाबी पावडरीसारखं काहीतरी, म्हणजे सुकलेलं कूलंट (रेडिएटरमधलं रंगीत पाणी), दिसतंय. आठ-दहा वर्षं झालेल्या हॅचबॅकमध्ये गळती बहुतेक वेळा तिथूनच होते, माझ्या गाडीतही तिथूनच होती.

आता रस्ते तीन. काहीतरी टाकून किंवा लावून भोक बुजवायचं, रेडिएटरवाल्याकडून टँक आणि गॅस्केट (जोडातलं रबर) बदलून घ्यायचं, किंवा सरळ नवीन रेडिएटर.

पहिल्याबद्दल फार लिहीत नाही. रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्ती आपल्याकडे ट्रकवाल्यांपासून चालत आलीय आणि ती थोडा वेळ चालते हे खरंय, कारण बारीक कण फुगून भोकात जाऊन बसतात. गळती बुजवायला बाजारात मिळणाऱ्या स्टॉप-लीकच्या बाटलीचं कामही साधारण असंच. पण त्या कणांना कुठे माहीत की हे भोक आहे आणि ही अरुंद नळी आहे, ते दोन्हीकडे बसतात, आणि डॅशबोर्डच्या आत हीटरचा जो छोटा रेडिएटर असतो त्याच्या नळ्या तर अजून बारीक. तो चोंदला तर डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. एम-सीलचं म्हणाल तर जागा पूर्ण कोरडी आणि स्वच्छ असेल तरच पकडतं आणि गरम-थंड होऊन होऊन सुटतं. पुढच्या गावातल्या गॅरेजपर्यंत पोचायला ठीक, त्यापुढे नको. आणि एक, गाडी तापतेय म्हणून मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून टाकूया म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा, गळतीचा आणि त्याचा काही संबंध नाही, उलट इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त जातं.

खरा प्रश्न दुसरा की तिसरा हाच आहे.

टँक बदलणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. जाळीच्या कडेची अॅल्युमिनियमची नखं एकेक करून उचकटायची, जुना टँक काढायचा, नवीन रबर बसवायचं, नवा टँक ठेवून नखं परत दाबायची, मग हवा भरून हौदात बुडवून बुडबुडे येतात का बघायचं. निम्म्या दिवसात गाडी हातात आणि मला तरी नवीन रेडिएटरच्या साधारण निम्म्या पैशात झालं. हौदात एकही बुडबुडा नव्हता, मी स्वतः उभा राहून बघितलं.

आणि तरीही ज्या एका गोष्टीने मी शेवटी निर्णय घेतला ती इथेच आहे. ही गळती थंड असताना दिसतच नाही. सकाळी गाडीखाली फरशी कोरडी, टँक कोरडा, सगळं छान, पण रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाटात एसी लावून दुसऱ्या गिअरवर चढायला लागलो की थोड्या वेळाने कूलंटचा तो गोडसर वास यायचा, आणि वर जाऊन बोनेट उघडावं तर ओलं काहीच नाही कारण जे बाहेर येतं ते गरम जाळीवर तिथल्या तिथे सुकून जातं. चार दिवसांनी कूलंटच्या बाटलीतली पातळी बोटभर खाली. परत दुकानात नेली, त्यांनी बिचाऱ्यांनी पैसे न घेता नखं परत दाबून दिली, काही आठवडे बरं, आणि मग पुन्हा वास.

कारण समजून घेतलं तर यात दुकानदाराची चूक आहे असंही मला वाटत नाही. कुकरसारखंच आहे, झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो तेवढ्या दाबाखाली आतलं पाणी १०० च्या ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे जोडावर ताण येतो तो गरम असतानाच. त्यात प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम सारखं प्रसरण पावत नाहीत. आणि अॅल्युमिनियमचं नख एकदा वाकवून उघडलं, परत दाबलं की पहिल्यासारखी पकड राहत नाही, प्रत्येक वेळी थोडं कमजोर होतं. हौदातली टेस्ट थंड पाण्यातली, त्यात हे कुठून कळणार.

वास किंवा कूलंटचा खर्च मी सहन केला असता. मला सहन झाली नाही ती ही धाकधूक, की आत्ता गळतंय की नाहीये ते कळायला मार्गच नाही. माझ्या गाडीत तापमानाचा काटा नाही, थंड असताना निळा दिवा आणि तापली की लाल, मधलं काहीच नाही. त्यात कूलंट जास्तच उतरलं आणि सेन्सर उघडा पडला तर त्याच्याभोवती पाणी नसून हवा असते, तो बरोबर सांगेलच असं नाही. तोवर इंजिनचं हेड (वरचा भाग) तापून वाकलेलं असू शकतं, आणि हेड गॅस्केट, फेसिंग (हेड घासून सपाट करणं), लेबर हा सगळा खर्च धरला तर रेडिएटरचे वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात. आईला घेऊन घाटातून जायचं असलं की निघायच्या आधी बोनेट उघडायचं, पोचल्यावर उघडायचं. हे मला नको झालं.

मग नवीन बसवला. कंपनीचा ओरिजिनल महाग वाटला म्हणून बाहेरचा घेतला, बडोद्याच्या बँकोसारखे चांगले मेकर आहेत, पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या शहरातल्या स्पेअरच्या बाजारात मिळून जातात. बिननावाचा स्वस्त मात्र मी घेणार नाही, हातात धरला तरी हलका लागतो आणि फॅनच्या चौकटीची भोकं जुळवायला ओढाताण होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा वापरलेला पण नको, त्याचं प्लास्टिक तुमच्या रेडिएटरइतकंच म्हातारं असणार. नवीन बसवल्यापासून बाटलीतली पातळी खुणेवरून हललेली नाही, घाटातही नाही.

सगळ्यांनी नवीनच घ्यावा असं म्हणत नाही. जुन्या गाडीत तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर तो खुशाल डाक लावून घ्या, तिथे दुरुस्ती ही खरोखर दुरुस्ती असते आणि चांगल्या हाताने लावलेला डाक वर्षानुवर्षं टिकतो. गाडी गावातल्या गावात फिरते, काटा आहे, लवकरच विकायचीय, तर टँक बदलूनही भागेल कदाचित. तुमच्या मॉडेलचा नवीन मिळतच नसेल तर प्रश्नच मिटला. आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर आधी बघा, काहींच्यात गिअरबॉक्सचं ऑइल थंड करायची नळी रेडिएटरच्या टँकमधूनच जाते, तिथे तर मी जराही जोखीम घेणार नाही.

नवीन बसवायचं ठरलं तर बसवताना शक्यतो तिथे थांबा. बऱ्याच गाड्यांत एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) नुसता सोडवून पुढे बांधून ठेवता येतो, एसीचा गॅस काढायला लागेलच असं नाही, ते आधी विचारून घ्या. बोअरचं पाणी भरू देऊ नका, तयार कूलंट तसंच भरायचं किंवा घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं, आणि हिरवं-गुलाबी एकत्र नको. हवा काढायला घाई करतात, तर हीटर फुल गरमवर ठेवून फॅन चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा, थोडी उतरलेली असेल कारण राहिलेली हवा निघते, तेवढी भरा आणि बाटलीवर मार्करने खूण करून ठेवा.