लास वेगास लूप: प्रवास झटपट, पण बोगद्यात धूर झाला तर?

लास वेगासच्या कन्व्हेन्शन सेंटरखालचा लूप 2021 पासून चालू आहे. बोरिंग कंपनीने खोदलेला बोगदा, चालकासह टेस्ला गाडी, आणि मधे कुठेही न थांबता थेट उतरायचं स्टेशन. सोय म्हणून नाव ठेवायला जागा नाही. वेगाच्या गप्पा ताशी 240 किलोमीटरच्या होत्या. गाड्या धावतात 60 च्या आसपास, आणि तेच बरं आहे. 60 ला चालकाला भान येऊन गाडी थांबेपर्यंत 35-40 मीटर जातात. 240 ला नुसत्या ब्रेकलाच 300 मीटरच्या आसपास लागतील.

खरी अडचण बोगद्याच्या व्यासाची आहे. आतून 12 फूट, म्हणजे 3.66 मीटर. गाडी सुमारे 1.9 मीटर रुंद. दोन्ही बाजू मिळून उरले पावणेदोन मीटर, तेही सगळ्यात रुंद भागात; भिंत गोल असल्याने पायाशी त्याहून कमी. इंग्लंड-फ्रान्समधल्या चॅनेल टनेलमध्ये दर 375 मीटरला सेवा-बोगद्यात जायचा आडवा मार्ग आहे. इथे स्टेशन हीच बाहेरची वाट. अमेरिकेच्या एनएफपीए 130 या रेल्वे-मेट्रोच्या अग्निसुरक्षा मानकात बाहेर पडायच्या वाटांमध्ये 762 मीटरपर्यंत अंतर चालतं, सुरुवातीची स्टेशनं त्यात बसतात. कागदावर पास!

आता बॅटरी पेटली असं धरा. धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड, शिवाय विझलेली बॅटरी पुन्हा भडकू शकते. एकेरी बोगद्यात पंख्यांनी धूर वाहतुकीच्या दिशेने ढकलायचा असतो: आगीपुढच्या गाड्या निघून जातात, मागे अडकलेल्यांना ताजी हवा मिळते. आग मोठी असेल तर हवेला सेकंदाला 2 ते 3 मीटर वेग लागतो, नाहीतर धूर छताला धरून उलटा येतो. पण हा सगळा हिशेब पुढचा रस्ता मोकळा आहे असं धरून केलेला. जानेवारी 2022 च्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात याच बोगद्यात गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेतली मधली गाडी पेटली तर पुढच्यांनी जायचं कुठे?

बसताना दार बघून घ्या. टेस्लाची दारं विजेवर उघडतात. मॉडेल 3 आणि मॉडेल वायच्या पुढच्या दारांना खिडकीच्या बटणांपाशी हाताने ओढायचा खटका असतो. मागच्या दारांना तो सगळ्या गाड्यांत नसतो, आणि मॉडेल वायमध्ये असलाच तर दाराच्या कप्प्यातल्या मॅटखाली. चालकाला आधीच विचारा. धूर दिसला तर सामान सोडा आणि आगीपासून दूर चालू लागा; आग पुढे असेल तर ती वाट म्हणजे वारा तोंडावर येईल ती.