सिसेरोच्या दारातून रोममध्ये शिरायचं, की मारिअसच्या?

रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरच्या शतकातलं राजकारण कादंबरीतून वाचायचं म्हटलं, की शोध बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबतो. एक रॉबर्ट हॅरिसची सिसेरो या वकील-राजकारण्यावरची त्रयी, दुसरी कॉलीन मॅकलाची सात खंडांची मालिका. सीझर कोण, सिनेट काय, रुबिकॉन ओलांडली म्हणजे काय झालं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. तेव्हा एकाच मालिकेला वेळ देता येणार असेल तर कुठली उचलावी, एवढ्यापुरतंच लिहितो.

हॅरिसचे तीन भाग म्हणजे ‘इम्पेरियम’ (2006), ‘लस्ट्रम’ (2009) आणि ‘डिक्टेटर’ (2015). सांगणारा आहे टायरो, सिसेरोचा गुलाम आणि लेखनिक. हा माणूस खरोखर होऊन गेला. लघुलेखनाची एक पद्धत त्याच्या नावावर आहे आणि त्यानं लिहिलेलं सिसेरोचं चरित्र काळाच्या ओघात हरवलं. ते हरवलेलं चरित्रच आपण वाचतोय, अशी हॅरिसची योजना. मॅकलाबाईंची मालिका ‘द फर्स्ट मॅन इन रोम’नं (1990) सुरू होते आणि इ.स.पू. 110 च्या 1 जानेवारीपासून थेट सीझरचा वारस ऑक्टेव्हिअन याच्या हाती सगळी सत्ता येईपर्यंत चालते. पहिलाच खंड हजाराच्या आसपास पानांचा.

आता या जाडीला घाबरून हॅरिसकडे वळू नका, कारण मॅकलाबाईंचे पहिले दोन खंड फार म्हणजे फारच जमलेले आहेत. सुरुवातीलाच एक जेवणाचा प्रसंग आहे. सीझरचे आजोबा मारिअस नावाच्या सेनानीला घरी जेवायला बोलावतात. घराणं थेट देवांपासून निघालेलं, पण दोन्ही मुलांना सिनेटमध्ये पाठवायला पैसा नाही. मारिअसकडे पैसा उदंड, पण गाव आर्पिनम. रोममधले बडे लोक त्याला खेडवळ म्हणून हसतात. म्हातारा अगदी शांतपणे मुद्द्यावर येतो: तू पैसा दे, मी मुलगी देतो. इतकी रोकठोक सोयरीक ठरताना वाचली, की रोममध्ये निवडणूक लढवायला काय लागायचं ते निराळं समजावून सांगावं लागत नाही. (त्या घरातल्या दोन्ही मुलींचं नाव जुलिया. मुलींना स्वतंत्र नाव द्यायची रोमनांना गरजच वाटत नसे.) पुढे सीझरची आई ऑरेलिया आपल्या हुंड्याच्या पैशातून सुबुराच्या गरीब वस्तीत एक चाळवजा इमारत घेते, स्वतः तळमजल्यावर राहते आणि भाडेकरूंना पुरून उरते. असलं काही हॅरिसकडे शोधू नका. टायरो जिथे उभा राहू शकतो तेवढंच रोम आपल्याला दिसतं, आणि तो बहुतेक वेळ सिसेरोच्या पाठीमागे उभा असतो. कधीकधी तर त्याला पडद्याआड लपवून कारस्थानाची टिपणं घ्यायला लावावी लागतात. तिथे हॅरिसची थोडी ओढाताण जाणवते.

मॅकलाबाईंविरुद्ध नेहमीची तक्रार नावांची. ती खरी आहे. दोन बाजीराव आणि दोन माधवराव वेगळे ठेवायची आपल्याला सवय असते. इथे मेटेलस न्युमिडिकस, त्याचा भाऊ मेटेलस डाल्माटिकस आणि मुलगा मेटेलस पायस एकाच वेळी वावरत असतात. शेवटी जवळपास शंभर पानांची परिभाषासूची आहे, तिच्यात एक बोट कायम अडकवून ठेवावं लागतं. पण दीडदोनशे पानांत हे अंगवळणी पडतं, निदान माझ्या तरी पडलं.

माझं मन फिरवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मालिकेत सीझर मोठा झाला, की तो कधी चुकतच नाही. दिसायला देखणा, बोलण्यात हजरजबाबी, रणात अजिंक्य, कायद्यात पारंगत. हे सगळं एक वेळ चालवून घेऊ, इतिहासातला सीझरही काही कमी नव्हता. पण त्याच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या कुणालाही धड कारणच दिलेलं नाही. केटो दारुडा आणि हेकट. बिब्युलस बुटका आणि जळफळणारा; सीझर त्याला पिसू म्हणतो आणि ते नाव चिकटतं. ब्रूटस मुरमांनी भरलेला, आईच्या धाकातला. सिसेरो तर भित्रा बडबड्याच.

इ.स.पू. 59 चं वर्ष घ्या. सीझर आणि बिब्युलस दोघे कॉन्सल, म्हणजे त्या वर्षापुरते निवडलेले दोन सर्वोच्च अधिकारी. फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, बिब्युलसच्या डोक्यावर शेणाची टोपली ओतली जाते, त्याच्या सेवकांच्या अधिकारदंडांचे तुकडे होतात. मग तो घरात बसून उरलेलं वर्षभर ‘मी आकाशातले शकुन पाहतोय’ असं जाहीर करत राहतो. हे हास्यास्पद दिसतं खरं, पण शकुन पाहणं चालू असताना सभा भरवणं नियमबाह्य होतं. म्हणजे सीझरनं त्या वर्षी केलेले कायदे पुढे कधीही आव्हानात येऊ शकत होते. पद सुटताच खटला उभा राहील, ही सीझरची दहा वर्षांची धास्ती इथून सुरू होते आणि इ.स.पू. 49 मध्ये रुबिकॉन नदीपाशी, म्हणजे यादवी युद्धापाशी, पोचते. बाईंना हे ठाऊक नाही असं अजिबात नाही. कार्यपद्धतीचे बारकावे त्यांच्याइतके क्वचितच कुणी दिले असतील. तरी बिब्युलसच्या चालीमागे वाचकाला दिसतो तो मत्सर. राजकारण वाचायला बसलो आणि एका बाजूला सगळी अक्कल, दुसऱ्या बाजूला सगळा आकस, असं असेल तर वाद उरतोच कुठे? चौथ्या खंडापासून हे मला इतकं खुपायला लागलं, की सीझर बोलायला उठला की पान उलटावंसं वाटे.

याउलट इ.स.पू. 63 मधली 5 डिसेंबरची सिनेटची बैठक ‘लस्ट्रम’मध्ये वाचा. सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलिनच्या कटातले पाच जण हाती लागलेत. सीझर म्हणतो, मारू नका, इटलीतल्या गावोगावी कैदेत ठेवा. केटो उठतो आणि सभा फिरवतो. कॉन्सल म्हणून निर्णय सिसेरोचा. रोमन नागरिकांना खटल्याविना त्याच संध्याकाळी गळफास दिला जातो. सिसेरो बरोबर होता की नव्हता, हे हॅरिस आपल्या गळी उतरवत नाही. मात्र त्या संध्याकाळची किंमत त्याच खंडात वसूल होते. इ.स.पू. 58 मध्ये सिसेरोचा वैरी क्लोडिअस नेमका तोच मुद्दा पकडून कायदा आणतो, सिसेरोला परागंदा व्हावं लागतं, पॅलटाइन टेकडीवरचं त्याचं घर पाडलं जातं. हॅरिसचा सिसेरो गर्विष्ठ आहे, कोत्या मनाचाही आहे, आणि ज्या उमरावांचा त्याला तिटकारा त्यांच्याच दारात मतांसाठी जातो. त्याची बाजू घेऊन आपण चिडतो, वैतागतो आणि तरी पुढे वाचतो.

सीझरचा चाहता असलेल्या वाचकाला माझी तक्रार फिजूल वाटेल, आणि टायरो स्वतःच्या गुलामीबद्दल फार गप्प राहतो हा हॅरिसवरचा आक्षेपही मला मान्य आहे. तरी विचारलंत म्हणून सांगतो, ‘इम्पेरियम’पासून धरा. पूर्वार्धात वेरेसचा खटला आहे. सिसिलीला लुटणाऱ्या सुभेदाराला वाचवण्यासाठी त्याचा वकील हॉर्टेन्सिअस खटला नव्या वर्षात ढकलू पाहतो, कारण तेव्हा न्यायासनावर मेटेलस घराण्यातला, म्हणजे आपला माणूस येणार. सिसेरो मग आपलं लांबलचक भाषणच गुंडाळून ठेवतो आणि सरळ साक्षीदार उभे करतो. एवढ्यावर तुमची झोप उडाली नाही तर रोम तुमच्यासाठी नाही, पुस्तक मित्राला देऊन टाका.

उडाली, तर तिन्ही भाग संपवून मग मॅकलाबाईंकडे उलटे जा. ‘द फर्स्ट मॅन इन रोम’ आणि ‘द ग्रास क्राउन’ (1991) हे दोन्ही घ्याच. त्यांत मारिअसही चुकतो, त्याचा प्रतिस्पर्धी सुल्लाही. तिसरा ‘फॉर्च्युन्स फेव्हरिट्स’ (1993) घ्यायचा तो सुल्लासाठी. एकेकाळचा देखणा सुल्ला तिथे दात गेलेला, केसांचा टोप घालून फिरणारा म्हातारा झालाय आणि फोरममध्ये मारायच्या माणसांच्या याद्या लावतोय. तो मेला की थांबलात तरी चालेल.