गळक्या ऑइल कूलर लाइनी आणि तुर्भे एमआयडीसीतील होजचे दुकान

जुन्या पिकअपच्या ऑइल कूलर लाइनी, म्हणजे इंजिनाचे तेल थंड करणाऱ्या कूलरकडे नेणाऱ्या-आणणाऱ्या नळ्या, गळू लागल्या आणि कंपनीचा सुटा भाग बाजारात मिळेनासा झाला, की त्या नव्याने बनवून घेण्यावाचून पर्याय उरत नाही. तुर्भे एमआयडीसीत, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून थोडे आत, हायड्रॉलिक होज (दाबाखालच्या तेलाच्या जाळीदार लवचीक नळ्या) बनवून देणाऱ्या एका छोट्या दुकानात आम्ही हे काम करून घेतले. जेसीबी, क्रेन आणि फोर्कलिफ्ट यांचे होज बनवणे हा या दुकानाचा मुख्य व्यवसाय असून मालवाहू पिकअपचे काम तेथे अधूनमधून येते. तरीही त्यांनी ते ज्या समजुतीने केले, ती मला फार मोलाची वाटली.

आमची गाडी ओतूरहून भाजीपाला घेऊन वाशीच्या एपीएमसी मार्केटला येते आणि परतताना किराणा माल भरून माळशेज घाट चढते. घाट चढून झाल्यावर चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली, तेलाचे थेंब दिसू लागले होते. अशा वेळी पहिला संशय चेंबरच्या पॅकिंगवर किंवा मागच्या ऑइल सीलवर जातो, कारण ओल तिथेच दिसते, आणि आमच्या नेहमीच्या गॅरेजनेही इंजिन उतरवावे लागेल असेच सांगितले होते. तुर्भ्याच्या दुकानदारांनी मात्र गाडी आणायला सांगितली, इंजिनाचा खालचा भाग डिझेलने धुऊन कोरडा पुसला आणि लाइनींच्या सांध्यांवर पावडर मारून इंजिन चालू ठेवले. थोड्याच वेळात रेडिएटरच्या पुढे असलेल्या कूलरकडे जाणाऱ्या लाइनीवर, रबरी होज जेथे धातूच्या कॅपमध्ये दाबून बसवलेला असतो नेमक्या त्याच कडेला, पावडर काळी पडून ओली झाली. तेथून पाझरणारे तेल पंख्याच्या आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे जाऊन चेंबरवर पसरत होते. एवढ्या साध्या तपासणीने इंजिन उतरवण्याचा खर्च टळला.

गळती त्याच जागी का होते, हेही त्यांनी नीट समजावले. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कॅपखालचे रबर कडक होते, त्याचा ताण कमी होतो आणि निपलवरची, म्हणजे होजच्या आत बसणाऱ्या धातूच्या तोंडावरची, पकड सुटत जाते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना तेल घट्ट असल्याने दाब सर्वाधिक असतो, तेव्हा ते तेथून बाहेर पडू लागते. पाझर दिसू लागल्यावर ती लाइन आणखी चालवणे धोक्याचे असते, कारण होज कॅपमधून निसटला तर इंजिनाचा पंप स्वतःच सगळे तेल रस्त्यावर ओतून टाकतो आणि तेलाचा लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंग कोरडे पडू लागलेले असतात.

जुनी लाइन काउंटरवर ठेवल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘दादा, तेल किती तापतं? प्रेशरचं नंतर बघू.’’ मला या दुकानाविषयी विश्वास वाटला तो या प्रश्नामुळे. इंजिन ऑइलचा दाब गरम अवस्थेत साधारण ३ ते ५ बार असतो, तर एका वायरजाळीचा अर्ध्या इंचाचा साधा हायड्रॉलिक होज १६० बारपर्यंत कामाचा दाब सहन करतो. त्यामुळे दाबाची चिंता करण्याचे कारणच नसते. खरी मर्यादा तापमानाची आहे. हा साधा होज, म्हणजे एसएई मानकातील १००आर१ प्रकारचा, साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तेलासाठी असतो, आणि घाटात भरलेल्या गाडीचे तेल त्या मर्यादेच्या पलीकडे सहज जाते. म्हणून त्यांनी आतून टेफ्लॉन आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलची जाळी असलेला १००आर१४ प्रकारचा होज सुचवला, ज्याची मर्यादा २०४ अंशांपर्यंत आहे. तो महाग पडतो. आम्हाला दोन्ही लाइनींचे मजुरीसह सुमारे ४,८०० रुपये लागले, आणि माझ्या मते ते योग्य आहेत.

काही महिन्यांपूर्वी एका गॅरेजने आमच्या परतीच्या लाइनीचा तुकडा कापून तेथे रेडिएटरचा पाण्याचा होज आणि दोन क्लिपा बसवून दिल्या होत्या. पाण्याचे होज बहुधा ईपीडीएम रबराचे असतात आणि हे रबर तेलात फुगून मऊ पडते. दुकानात तो तुकडा कापून दाखवला तेव्हा आतला थर बोटाने दाबताच दबत होता. पाण्याचा होज तेलाच्या लाइनीला कोणीही लावू देऊ नये, तात्पुरता म्हणूनसुद्धा नाही.

प्रत्यक्ष कामात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे जुन्या पोलादी नळीची त्यांनी घेतलेली काळजी. नळीचे वळण चासीला आणि स्टिअरिंगला चुकवून गेलेले असल्याने ते जपणे आवश्यक होते. कारागिराने ग्राइंडरने कॅप लांबीच्या दिशेने चिरली, पण पाते नळीला टेकू न देता शेवटचा पातळ पापुद्रा छिन्नीने उघडला, मग नळीच्या टोकाला नवे निपल गॅसवर पितळी वेल्डिंगने जोडले. क्रिम्पिंग, म्हणजे नवी कॅप होजवर मशीनने दाबून बसवणे, झाल्यावर कॅपचा व्यास व्हर्नियरने तपासला, आतून नळी डिझेलने आणि हवेने वारंवार धुतली, कारण ग्राइंडिंगचा एक कणही बेअरिंगपर्यंत जाता कामा नये, आणि शेवटी हातपंपाने दाब देऊन सांधे तपासले. बॅन्जो बोल्टसाठी (लाइन जोडणारा, आतून तेल जाऊ देणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे नवे वायसर त्यांनी न मागता दिले.

काही उणिवाही सांगणे आवश्यक आहे. स्टीलची जाळी शेजारच्या वायरिंगला आणि रबरी नळ्यांना घासून कापत जाते, म्हणून तिच्यावर आवरण हवेच. ते आम्हाला मागून घ्यावे लागले. तयार लाइनींच्या तोंडाला टोपणे न लावता त्या तशाच हातात दिल्या, हेही मला पटले नाही. शिवाय काम सांगितलेल्या दिवशी पूर्ण झाले नाही, आणि मालवाहू गाडी एक दिवस उभी राहिली की होणारे नुकसान धंद्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

लाइनी बसवण्याचे काम हे दुकान करत नाही, त्यामुळे फिटर आपला आणावा लागतो. कूलर अॅल्युमिनियमचा असल्यास त्याचे निपल एका पान्याने धरून दुसऱ्याने नट फिरवायला त्याला आवर्जून सांगावे, नाहीतर निपल पिळवटून कूलरच निकामी होतो. इंजिन माउंटिंगवर हलते, म्हणून होजला थोडी ढील ठेवावी आणि पोलादी नळी चासीला मूळच्या क्लॅम्पमध्येच बांधावी. इंजिन सुरू केल्यावर लाइनी आणि कूलर तेलाने भरतात, त्यामुळे बंद करून डिपस्टिक पुन्हा पाहावी लागते. आमच्या गाडीत तेव्हा पाऊण लिटरच्या आसपास तेल वाढवावे लागले.

दुकान शुक्रवारी बंद असते. जाताना दोन्ही जुन्या लाइनी न कापता, बॅन्जो बोल्टसह सोबत न्याव्यात, कारण आटे आणि टोकांचे कोन त्यांच्यावरूनच जुळवले जातात.