नवी डिस्क टाकूनही स्टिअरिंग थरथरतंय? एसयूव्हीच्या ब्रेक डिस्क आणि त्या बसवून देणाऱ्यांची झाडाझडती

घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात नाचतं आणि गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं: ‘डिस्क बेंड झाली, बदलावी लागेल.’ दोन डिस्क, चार पॅड, मजुरी, झालं बिल. पुढचे तीन-चार हजार किलोमीटर गाडी सुतासारखी चालते आणि मग तीच थरथर परत. शिव्या बसतात डिस्कच्या कंपनीला. बहुतेक वेळा त्या चुकीच्या पत्त्यावर जातात.

डिस्क असते बिडाची. रस्त्यावरच्या वापरात ती पापडासारखी वाकत नाही. होतं ते असं. जुनी डिस्क काढल्यावर हबच्या, म्हणजे ज्यावर डिस्क आणि चाक बसतं त्या भागाच्या, तोंडावर गंजाचे पोपडे राहतात. त्यांच्यावरच नवी डिस्क ठेवून नट आवळले की ती केसभर तिरकी बसते. हबवरचा ०.०५ मिमीचा पोपडा डिस्कच्या कडेला जवळपास दुप्पट होतो, म्हणजे वहीच्या कागदाएवढा. एवढ्याने सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात डिस्कची एकच जागा पॅडला घासून जाते, ब्रेक दाबलेला नसतानाही. काही हजार किलोमीटरनंतर ती जागा बाकीच्यापेक्षा पातळ होते किंवा तिथे पॅडच्या मालाचा थर चढतो. जाडीत ०.०१५ ते ०.०२ मिमीचा फरक पडला तरी तो पॅडलला आणि स्टिअरिंगला कळतो. म्हणून थरथर पहिल्या दिवशी येत नाही, उशिरा येते, आणि बसवणारा नामानिराळा राहतो. कोकणातल्या गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हबला सोडत नाही.

म्हणून कुठली डिस्क चांगली हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, डिस्क बदलायला खरंच झाली आहे का?

त्याचं उत्तर डिस्कवरच ओतलेलं असतं. टोपीवर, म्हणजे डिस्कच्या मधल्या फुगीर भागावर, किंवा बाहेरच्या कडेला ‘मिन टीएच’ आणि पुढे आकडा दिसतो. तो वापराची शेवटची जाडी सांगतो. नवी डिस्क २६ मिमीची असेल तर हा आकडा बऱ्याचदा २४ असतो, पण अंदाजाने चालू नका, आपल्या डिस्कवरचाच वाचा. मोजायचं मायक्रोमीटरने. व्हर्नियर कडेच्या कंगोऱ्यावर टेकतो आणि जाडी फुगवून दाखवतो. कडेपासून साधारण १० मिमी आत, गोलाकार आठ ठिकाणी मापं घ्यायची. सर्वांत कमी माप शेवटच्या जाडीशी ताडायचं, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी यांतला फरक वेगळा लिहून ठेवायचा. थरथरीची तक्रार असेल तर दोषी सहसा हा दुसरा आकडा असतो.

शेवटची जाडी गाठली की डिस्क टाकायची, चर्चा नाही. पातळ डिस्क उष्णता साठवू शकत नाही. दोन टनांच्या आसपासची भरलेली गाडी वरंध किंवा कुंभार्ली उतरते तेव्हा ती उष्णता मग पॅडमध्ये आणि ब्रेक ऑइलमध्ये जाते. केसासारख्या बारीक रेषा चालतात, पण नख अडकेल एवढी चीर असेल किंवा चीर कडेपर्यंत पोचली असेल तर जाडी कितीही शिल्लक असो, डिस्क बाद. निळसर डाग म्हणजे डिस्क भाजली आहे. ती लगेच बाद होत नाही, पण का भाजली ते शोधायला हवं. न्यूट्रलमध्ये घाट उतरवणं हे एक कारण, जाम झालेला कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, हे दुसरं.

किलोमीटरचा आकडा विचाराल तर पॅडचे दोन सेट संपेपर्यंत एक डिस्क जोडी, असा ढोबळ हिशेब धरा. ऑटोमॅटिक गाडी आणि रोजचा मुंबई-पुण्याचा ट्रॅफिक असेल तर त्याहून लवकर.

आता लेथ. ‘नवी कशाला, कातून घेऊ’ हा सल्ला स्वस्त वाटतो. गणित करून बघा. २६ ची डिस्क पहिल्या पॅड-सेटमध्ये ०.८ मिमी झिजून २५.२ वर आली. तशीच ठेवून नवे पॅड टाकले तर दुसरा सेट संपताना ती २४.४ वर असेल, म्हणजे हद्दीच्या वर. तीच दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ०.२ कातली तर २४.८ वरून सुरुवात, आणि दुसऱ्या सेटअखेर बरोबर २४.०. कातून मिळालं काय? त्यात डिस्क गाडीवरून उतरवून कोपऱ्यावरच्या लेथवर लावली तर ती लेथच्या चकाशी सरळ होते, तुमच्या हबशी नाही. गाडीवर हबलाच जोडून कातणारं यंत्र असलेलं ठिकाण मिळालं, डिस्क जाड असली आणि तक्रार फक्त थरथरीची असली, तर कातणं पटतं. एरवी तो खर्च नव्या डिस्कमध्ये घालावा.

डिस्कचे बाजारात तीन वर्ग. कंपनीची जेन्युइन, नावाजलेल्या ब्रँडची, आणि नाना पेठेसारख्या स्पेअरच्या बाजारात पांढऱ्या खोक्यात मिळणारी.

जेन्युइनबद्दल तक्रारीला फार जागा नाही. टोपीची खोली, मधलं भोक, बोल्टची भोकं सगळं बिनचूक जुळतं. खटकते ती किंमत, आणि काही मॉडेलना पुरवठ्याची वाट बघावी लागते. ब्रेम्बो आणि बॉश यांच्या साध्या डिस्क घाटातल्या वापराला तितक्याच चालतात. ब्रेम्बोच्या यूव्ही लेप दिलेल्या डिस्कचा एक फायदा खरोखर कामाचा आहे: त्यांवर गंजरोधक तेल नसतं, त्यामुळे खोक्यातून काढून थेट बसवता येतात, आणि टोपी व कडा लवकर गंजून वाईट दिसत नाहीत. किनारपट्टीच्या गाडीला लेपवालीच घ्यावी. मात्र गाडीचं मॉडेल, साल आणि व्हेरिएंट सांगून पार्ट नंबर जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. एकाच गाडीच्या दोन व्हेरिएंटमध्ये डिस्कचा व्यास वेगळा निघतो.

पांढऱ्या खोक्यातली डिस्क एसयूव्हीला नको. ‘मिन टीएच’चा शिक्का नसणं ही पहिली खूण. दुसरी खूण आतल्या हवेच्या फटींत डोकावून बघायची. दोन्ही बाजूंच्या तव्यांची जाडी कमी-जास्त दिसली तर ओतकामात गाभा सरकलेला आहे. अशी डिस्क तापल्यावर एका बाजूला जास्त फुगते.

भोकं पाडलेल्या चकचकीत डिस्कचं आकर्षण तरुणांत मोठं आहे. ओल्या डिस्कवर पहिली पकड त्या थोडी लवकर देतात, हे खरं. पण लांब उतारावर भोकांच्या कडांपासूनच चिरा सुरू होतात. सातजणांची गाडी सामानासह महाबळेश्वरहून उतरवायची असेल तर साधी, सपाट, हवेच्या फटींची डिस्क घ्या.

डिस्क नेहमी एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना बदलायची आणि पॅड नवेच घालायचे. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे चर उमटलेले असतात.

बसवण्याच्या कामातच सगळं पाणी मुरतं, म्हणून इथे जरा थांबू. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मागच्या चाकांना उटी (पाचर) लावायची आणि गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवायची. कॅलिपर सुटला की तो तारेने स्प्रिंगला टांगायचा. ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवलेला कॅलिपर दिसला तर तिथेच टोका. ब्रॅकेटचे बोल्ट सहसा १७ किंवा १९ च्या पान्याने निघतात. डिस्क धरणारा छोटा स्क्रू गंजून अडकलेला असतो. आधी इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हरवर दोन ठोके, तरी नाही सुटला तर ड्रिल. डिस्कच्या टोपीत आट्यांची दोन भोकं असतील तर त्यांत एम-८ चे बोल्ट आळीपाळीने आवळले की डिस्क आपोआप बाहेर सरकते. घणाचे घाव घालायचेच असतील तर ते टाकाऊ डिस्कवर, आणि बेतानेच. तो मार बेअरिंगला बसतो. जुन्या चॅसीच्या काही गाड्यांत डिस्क हबच्या मागे बोल्टने जोडलेली असते. तिथे हब उतरवावा लागतो, बेअरिंगचं ग्रीस आणि सेटिंग वाढतं, आणि मजुरी जास्त सांगितली तर ती रास्त आहे.

मग हब. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन हबचं तोंड आणि मधला उंचवटा धातू दिसेपर्यंत साफ करायचा. स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टच्या, बुंध्याशी गंज दडून बसतो, तिथे पेपर बोटाने फिरवावा लागतो. वर ग्रीसचा लपका नको. डिस्क ठेवून चाकाचे नट वायसर घालून आवळायचे, डायल गेजचा (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचा) काटा कडेपासून १० मिमी आत टेकवायचा आणि हब हाताने एक फेरा फिरवायचा. काटा ०.०५ मिमीच्या आत हलला पाहिजे. जास्त हलला तर डिस्क एक स्टड पुढे फिरवून पुन्हा मोजायचं. सर्व जागी तेच आलं तर हब किंवा बेअरिंग तपासायचं. एका बाजूला दहा मिनिटंही लागत नाहीत आणि हेच काम सर्वांत जास्त वेळा गाळलं जातं.

जुने पॅड काढल्यावर आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवून बघा. आतला खूपच जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या पिना जाम आहेत, आणि नवी डिस्कही तशीच खाल्ली जाईल. पिना पुसून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावायचं. साधं चाकाचं ग्रीस रबरी बूट फुगवतं. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या डबीकडे एकाने लक्ष ठेवावं. ऑइल वर येऊन सांडलं तर रंग सोलवटतो. मागच्या डिस्कला इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड लावणं भाग आहे. क्लॅम्पने पिस्टन दामटला तर मोटर तुटते. टोपीच्या आत हँडब्रेकचे छोटे शू असतील तर ते आधी ढिले करायचे, नाहीतर डिस्क हलणारच नाही.

तेल लावलेली नवी डिस्क ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसायची. पेट्रोलच्या फडक्याने नको. चाकाचे नट हवेच्या गनने शेवटपर्यंत मारू देऊ नका. चांदणीच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आवळायचे. तो सहसा १०० ते १३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. कमी-जास्त आवळलेले नट चांगली बसलेली डिस्कसुद्धा तिरकी ओढतात, आणि मोजून केलेल्या कामाची माती होते.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पार्ट अस्सल आणि टॉर्कचा तक्ता भिंतीवर असतो, पण डायल गेज सांगितल्याशिवाय बाहेर निघेलच असं नाही. जॉब कार्डवर ‘हब साफ करून रनआउट मोजणे’ असं लिहून घ्या. रनआउट म्हणजे फिरताना डिस्क किती डुलते ते माप. लिहिलेलं काम टाळणं अवघड जातं. मल्टिब्रँड गॅरेजमध्ये शेजारी उभं राहता येतं, आणि ही मोठी सोय आहे. निवड करताना एकच प्रश्न पुरतो: ‘डायल गेज आहे का?’ ‘गरज नाही, नवीन डिस्क सरळच असते’ असं उत्तर आलं की गाडी वळवा. रस्त्याकडेच्या फिटरचा हात तयार असतो, पण मागच्या इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकला त्याच्याकडे नेऊ नये.

ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर याच वेळी बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते, आणि उतारावर पॅडल खाली जाण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

गॅरेजमधून निघण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत दाबा. पहिल्या दाबाला पाय तळाशी जाणारच, पिस्टन मागे गेलेले असतात. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगावरून मध्यम दाबाने १५ पर्यंत, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर चालवत. पूर्ण थांबायचं नाही. तापलेला पॅड एका जागी टेकून राहिला तर तिथेच त्याचा ठसा उमटतो. शेवटी पाच-दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून डिस्क थंड होऊ द्या. पहिले तीनशे किलोमीटर घाट टाळता आला तर उत्तम, आणि घाट उतरून लगेच वॉशिंग सेंटरवर पाण्याचा फवारा तर कधीच नको.

जुन्या डिस्क मागून डिकीत टाकून आणा. घरी त्यांवरचा ‘मिन टीएच’ वाचा आणि जाडी मोजून घ्या. २४ ची हद्द असलेली डिस्क २५.३ भरली, तर पुढच्या वेळी कुठल्या गॅरेजला जायचं नाही ते कळेल. आणि बीड भंगारवाला किलोवर घेतोच.